चांद्याची महाकाली, गोंडांचा परकोट आणि ताडोबाचं रान

चैत्र लागला की परभणी, नांदेड, हिंगोलीकडच्या कितीतरी गावांतून माणसं चांद्याला निघतात. 1964 पासून शहराचं नाव चंद्रपूर झालं, तरी आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून चांदाच आहे, आणि चांदा म्हणजे महाकाली. आईची आजी बैलगाडीने आणि पुढे पायी या यात्रेला गेली होती. आईच्या मनात ते दर्शन बरीच वर्षं राहून गेलेलं. माझ्या मनात ताडोबा होतं. दोन्ही एकाच जिल्ह्यात, एकमेकांपासून तासाभराच्या आत, म्हणून आम्ही दोघींनी दोन्ही एकत्र बांधलं. ताडोबाला येणारे बहुतेक लोक नागपूरला उतरतात, गाडीने थेट रिसॉर्टवर जातात आणि तसेच परततात. या प्रवासानंतर माझं ठाम मत झालंय की चांदा शहर न पाहता ताडोबा पाहिलं तर त्या जंगलाची अर्धी गोष्ट ऐकायची राहते. ज्या गोंड राजांनी हे शहर वसवलं, त्यांच्याच मुलखातलं ते रान.

रविवार: यात्रा

आमची गाडी नांदेड, किनवट, आदिलाबाद अशी जाते. रात्री काही दिसत नाही. उजाडलं तेव्हा वणीच्या बाजूला होतो आणि रुळांलगत कोळशाचे ढीग सुरू झाले होते. कोळशाने भरलेली मालगाडी पुढे जाईपर्यंत आमची गाडी थांबून राहिली. या जिल्ह्याच्या जमिनीवर जंगल आहे आणि पोटात कोळसा; पुढचे सगळे दिवस ही गोष्ट या ना त्या रूपात समोर येत राहिली.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने आईचं नेसणं आणि बोलणं ऐकून विचारलं, "माय, तुमी नांदेडकडच्या का? जत्रेले आल्या?" परभणी म्हटल्यावर म्हणाला, "मंग थेट मंदिरातच सोडतो, ऊन व्हायच्या आत दर्शन करून घ्या." चैत्रातलं चंद्रपूरचं ऊन किती कडक असतं ते दुपारी कळलं. पारा पंचेचाळिशीकडे सरकत होता आणि रस्ते ओस पडले होते.

महाकालीचं मंदिर झरपट नदीच्या काठी, अंचलेश्वर दरवाज्याच्या बाहेर. चैत्र पौर्णिमा तोंडावर आलेली, त्यामुळे पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तीन दगडांच्या चुली, त्यावर पुरण शिजतंय, बाजूला हलगी वाजतेय, पोतराज कोरडे ओढतोय, कुठे बायकांचा घोळका देवीची गाणी म्हणतोय. आणि सगळीकडे आपली बोली! विदर्भाच्या पार पूर्वेकडे येऊन मी परभणीच्या बाजारात असल्यासारखी उभी होते. आईला तर लगेच सेलूकडच्या बायका भेटल्या आणि रांगेतल्या दोन-अडीच तासांत एकमेकींची सगळी नातीगोती निघाली.

आतल्या गाभाऱ्यात भुयारासारख्या अरुंद वाटेने उतरावं लागतं. गर्दी, कापराचा वास, घाम, आणि समोर शेंदरातली देवी. आई तिथून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. मी काही विचारलं नाही.

झरपट मात्र पाहवत नाही. यात्रेकरू नदीवर स्नानाला जायचे ही जुनी रीत, पण आज तिथे पाण्याच्या जागी सांडपाणी आणि वनस्पतीचा थर आहे. लाखो माणसं ज्या नदीला हात जोडतात, तिच्यात पाय बुडवायची सोय उरू नये याचं मला फार वाईट वाटलं. लोक नळांच्या रांगेखाली अंघोळी उरकत होते.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर जवळच्या अंचलेश्वराला गेलो. चांद्याच्या जन्माची कथा इथली. पंधराव्या शतकातला राजा खांडक्या बल्लाळशाह. त्याच्या अंगावर गाठी आणि फोड होते, म्हणून बल्लारपूरच्या किल्ल्यात तो त्रासलेला असे. शिकारीला निघाला, तहान लागली, झरपटच्या कोरड्या पात्रात गाईच्या खुरांएवढ्या खळग्यांत पाणी दिसलं. ते प्यायला, तोंड धुतलं, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपला. राणी हिरातनीच्या लक्षात आलं की तोंडावरच्या गाठी गेल्यात. मग त्या पाण्याची जागा शोधली, अंचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं. पुढे याच भागात राजाला एक ससा दिसला, कपाळावर पांढरा ठिपका असलेला आणि शिकारी कुत्र्याचाच पाठलाग करणारा! तो ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर शहराच्या भिंतीची आखणी झाली, असं सांगतात.

देवळाच्या भिंतींवर कोरीव पट्ट आहेत, ते निवांत पाहायला हवेत. शेजारीच गोंड राजांच्या समाध्या. त्यातली सर्वांत मोठी बीरशाहाची, आणि ती बांधली त्याच्या राणीने, हिराईने. बीरशाहाचा खून झाला, गादीवर दत्तक घेतलेला लहान रामशाह बसला आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीची बरीच वर्षं कारभार हिराईनेच पाहिला. महाकालीचं आजचं मंदिरही तिच्याच नावाशी जोडलेलं आहे. चांद्यात फिरताना या बाईची खूण पावलोपावली दिसते. तिचं नाव जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, ते शाळेच्या पुस्तकात ठळक यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सोमवार: परकोट

सकाळी लवकर जटपुरा दरवाज्यापासून सुरुवात केली. उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, पश्चिमेला बिनबा, असे चार दरवाजे. त्यांच्या जोडीला पाच खिडक्या: बगड, हनुमान, विठोबा, मसाण आणि चोर. खिडकी म्हणजे भिंतीतलं लहान दार, माणसं आणि गुरं जातील एवढं. या सगळ्याला गुंफणारी तटबंदी, म्हणजेच परकोट, सुमारे 11 किलोमीटरची आहे आणि बरीचशी आजही उभी आहे. जटपुऱ्याखालून शहराची सगळी वाहतूक जाते. स्कूटर, शाळेच्या रिक्षा, भाजीच्या गाड्या, आणि वर कमानीच्या बाजूला दगडात कोरलेला सिंह हत्तीला पायाखाली घेऊन उभा. हे गोंडांचं राजचिन्ह. प्रत्येक दरवाज्यावर ते शोधायचा आम्हाला छंदच लागला.

बिनबाच्या बाजूने तटावर चढलो. काही वर्षांपूर्वी इथे चढणं शक्य नव्हतं. झाडोरा, माती, कचऱ्याने भिंत गिळलेली. 2017 मध्ये 'इको-प्रो' या इथल्या संस्थेच्या तरुणांनी कुदळ-फावडी घेऊन साफसफाई सुरू केली आणि शेकडो दिवस रोज पहाटे ती चालू ठेवली. बुरूज मोकळे झाले, फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरून, चालता येऊ लागलं. तटावर उभं राहिलं की एका हाताला घरांची कौलं आणि गच्च्या, दुसऱ्या हाताला इरई नदीकडचा सपाट मुलूख. किल्ला म्हटलं की आपल्याला सह्याद्रीतले डोंगरी गड आठवतात. हा किल्ला सपाटीवरचा, आणि त्याच्या पोटात माणसं पाचशे वर्षं न थांबता राहत आली आहेत. मला तरी तो कुठल्याही ओस गडाइतकाच थोर वाटला.

गोंड राजांच्या वाड्याच्या जागेत आज कारागृह आहे. तिथल्या पिंपळापाशी 21 ऑक्टोबर 1858 रोजी बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिलं. मोलमपल्लीच्या जमीनदाराचा मुलगा, वय पंचवीस. आदिवासी तरुणांची फौज उभारून त्याने कंपनी सरकारला जंगलात जेरीला आणलं होतं. चांदा 1818 च्या मे महिन्यातच इंग्रजांनी जिंकलेलं, त्याआधी नागपूरकर भोसल्यांनी गोंडांची सत्ता संपवलेली. म्हणजे राज्य जाऊन शंभर वर्षं झाली तरी रानातला गोंड लढायला उभा राहिला.

दुपारनंतर लालपेठला गेलो, आणि या प्रवासात पाहिलेल्या माणसाच्या हातच्या गोष्टींत माझ्या मनावर सर्वांत खोल उमटली ती ही जागा. वस्तीच्या मधे, उघड्यावर, अखंड दगडातल्या प्रचंड मूर्ती जमिनीवर पडून आहेत. दहा तोंडांची दुर्गा पंचवीस फुटांच्या आसपास लांब, आकाशाकडे तोंड करून आडवी. दहा तोंडं पाहून कित्येक जण तिला रावणच म्हणतात. जवळच गणपती, नंदी, शिवलिंग, हनुमान. रायप्पा नावाच्या कोमटी समाजातल्या श्रीमंत माणसाने मोठं देऊळ बांधायचं ठरवून या मूर्ती घडवून घेतल्या, आणि देऊळ उभं राहण्याआधीच तो गेला. मूर्ती जिथे घडल्या तिथेच राहिल्या. मी दुर्गेच्या पायापासून मुकुटापर्यंत चालत गेले. दगडावर टाकीचे घाव इतके ताजे दिसतात की कारागीर जेवायला गेलाय आणि येऊन हातोडा उचलेल असं वाटतं. आईने नंदीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "एवढा दगड उभा करायला किती माणसं लागली असती गं?" समोरच्या घरातल्या आजोबांनी आम्हाला माठातलं पाणी आणून दिलं आणि प्रत्येक मूर्तीपाशी सोबत फिरले. ही जागा पाहायला बाहेरचं फार कुणी येत नाही, असं ते म्हणाले.

मंगळवार: भद्रावती

मंगळवारी ताडोबा बंद असतं. जंगल बुक करताना हे ध्यानात ठेवा. आम्ही हा दिवस भद्रावतीला दिला. विजासन टेकडीतली बौद्ध लेणी वेगळ्या घडणीची आहेत. टेकडीत सरळ आत जाणारा लांब बोगदा, त्याच्या टोकाला बसलेला बुद्ध, आणि दोन्ही बाजूंना काटकोनात तसेच आणखी दोन बोगदे. आत शिरलं की बाहेरचा उन्हाळा संपतो. गावातच भद्रनागाचं देऊळ आणि केसरिया पार्श्वनाथाचं जैन तीर्थ आहे. जैन तीर्थात दुपारचं जेवण फार आपुलकीने वाढलं.

संध्याकाळी मोहर्लीला पोचलो. वाटेत इरई धरणाचं पाणी दिसतं आणि पाण्यापलीकडे औष्णिक वीज केंद्राची धुराडी. धरण त्या केंद्रासाठीच बांधलेलं. त्याच पाण्यावर जंगलातली जनावरं येतात आणि त्याच विजेवर आपल्या घरातला पंखा फिरतो.

बुधवार: ताडोबा

पहाटे अंधारात मोहर्ली गेटवर जिप्सींची रांग लागते. ओळखपत्रं तपासली जातात. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, मोबाइल नेता येत नाही, आणि हा नियम मला अतिशय आवडला. गाडीतली सहाही माणसं सबंध सकाळ नुसती जंगलाकडे बघत होती.

ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचं. 1986 मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झालं आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. कोअर साधारण 625 चौरस किलोमीटर, भोवतीचा बफर त्याहून बराच मोठा. चैत्रात साग निष्पर्ण असतो, बांबू वाळून पिवळा पडलेला, त्यामुळे नजर लांबवर जाते. त्या करड्या-पिवळ्या रानात कुसुमाची नवी लाल पालवी पेटलेली आणि कांडोळाचं पांढरंफटक खोड. गाइड जवळच्याच गावचा, विशीतला गोंड मुलगा. झाडं दाखवताना तो प्रत्येकाचा उपयोग सांगायचा: धावड्याचा डिंक, बेहड्याचं फळ, तेंदूचं पान.

गेटातून आत गेल्यावर रस्त्याच्या कडेला ठराविक अंतराने दगडी खांब दिसू लागतात. गोंड राजांच्या काळातले. खांबांवरून दोर ओढून घंटा वाजवत निरोप चांद्याला पोचवायचे, असं सांगतात. सोमवारी पाहिलेली ती तटबंदी आणि हे रान एकाच राज्यात होतं हे त्या खांबांपाशी मला डोळ्यांनी दिसलं. आईने खांब मोजायला सुरुवात केली.

पहिला तास चितळ, गवे, एक भेकर, मोरघार. मग डावीकडच्या बांबूत चितळाने कॉल दिला, वाघ जवळ असल्याचा इशारा. गाइडने हात वर केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. पुन्हा कॉल. झाडावरचं वानर खाकरलं. "निघन आता," गाइड पुटपुटला. कुणी काही बोलेना. मला माझ्या कानशिलात रक्त वाजताना ऐकू येत होतं.

ती बांबूच्या कडेने आली. घाई नाही, चोरपावलं नाहीत, नुसतं चालणं. खांदे एकाआड एक वर येत होते, पोटाखालची कातडी हलत होती. रस्ता ओलांडताना तिने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि त्या पाहण्यात आम्ही तिच्या हिशेबात नव्हतो. पलीकडे वन विभागाने केलेला पाणवठा होता, सौर पंपावर चालणारा. ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि मागच्या पायांनी हळूहळू पाण्यात उतरली. वाघ उन्हाळ्यात असेच पाण्यात बसतात, आधी मागचा भाग. मग डोळे मिटून ती बसून राहिली. तिच्या कानाशी माश्या येत होत्या, कान तेवढे हलत होते. आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं, ते तिला स्वतःला कळलं नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. ती उठली, अंग झटकलं, पाण्याचा फवारा उन्हात उडाला, आणि चार पावलांत बांबूने तिला पोटात घेतलं.

जिप्सी पुढे निघाल्यावर आई म्हणाली, "देवीचं वाहन पाह्यलं." आम्हाला देवळातली महाकाली आणि ही वाघीण एकाच यात्रेत भेटल्या होत्या.

पुढे पांढरपौनीच्या तळ्यापाशी थांबलो. हा माया वाघिणीचा इलाखा. तिच्या बछड्यांसह तिला पाहायला देशभरातून लोक येत. 2023 च्या पावसाळ्यानंतर ती कुणाला दिसली नाही. आमच्या गाइडने तिला लहानपणापासून पाहिलेलं, तिच्याबद्दल बोलताना त्याचा आवाज घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसा झाला. मग ताडोबा तलाव. काठावर मगर ऊन खात पडलेली, आणि झाडाखाली तारूचं ठाणं. तारू हा गोंडांचा गावप्रमुख, वाघाशी झुंजताना मारला गेला, आणि लोकांनी त्याला देव केलं. ताडोबा हे नाव त्याचंच. पौषात इथे त्याची जत्रा असते. वाघाने मारलेल्या माणसाला देव मानायचं आणि त्याच रानात वाघासोबत राहायचं, हे या लोकांनी किती पिढ्या केलं असेल!

नवेगाव, जामनी ही गावं कोअरमधून बाहेर हलवली गेली. त्यांची शेतं होती तिथे आज गवताची कुरणं आहेत, आणि त्यांवर चितळांचे मोठे कळप चरतात. दृश्य सुंदर आहे. पण आंब्याची, चिंचेची जुनी झाडं मधूनच उभी दिसतात आणि कळतं की इथे कुणाचं अंगण होतं. आपण सफारीत जी श्रीमंती पाहतो तिची किंमत या घरांनी मोजली आहे.

गुरुवार: मोह

सकाळी आगरझरी बफरमध्ये गेलो. गाइड होती गावातलीच एक ताई, खाकी गणवेशातली, दोन मुलांची आई. ताडोबात आता बायका गाइड म्हणून काम करतात आणि रानाची त्यांची माहिती अस्सल आहे, कारण लहानपणापासून सरपण, मोह, तेंदूपत्त्यासाठी त्या इथेच वावरल्या. वाघ दिसला नाही. एक अस्वल मात्र मोहाखाली फुलं खात होतं आणि आम्हाला पाहून तुरुतुरु झाडीत गेलं.

मोहाची फुलं पहाटे गळतात. ती वेचायला बायका उजाडायच्या आधी रानात जातात, वाकून वेचतात. वाघाला वाकलेलं माणूस जनावरासारखं दिसतं. मोहाच्या आणि पुढे तेंदूपत्त्याच्या दिवसांत या जिल्ह्यात दरवर्षी माणसं मरतात. वाघ आता शहराच्या हद्दीपर्यंत आलेत. 2022 मध्ये वीज केंद्राच्या आवारातच एका कामगाराला वाघाने मारलं. मी ताईंना विचारलं, भीती वाटत नाही का?

"वाटते ना. आमी चार-पाच जनी मिळून जातो, बोलत बोलत, आवाज करत. एकटी कोनी जात नाई. पन मोहा सोडला तं वरसभर मीठ-तेलाले पैसा कुठून येईन?" आणि थोडं थांबून: "वाघ हाये म्हनून मले ही नोकरी बी हाये. माह्या पोरीची फी याच्यातून जाते."

उतरताना त्यांनी आईच्या पदरात मूठभर सुकलेली मोहफुलं घातली. मनुकांसारखी गोड लागतात, तोंडात मात्र त्यांचा वास बराच वेळ राहतो.

दुपारी चंद्रपूरला परतलो. जायचंच असेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. सफारीचं आरक्षण वन विभागाच्या संकेतस्थळावर आधीच करा, सुट्ट्यांचे दिवस फार लवकर भरतात. पावसाळ्यात कोअर बंद असतं. बफरला कमी लेखू नका, आणि गाइडला "वाघ दाखवा" असा तगादा लावू नका. त्याला जंगलाबद्दल विचारा, तो खुलेल. जाण्याआधी चांद्यात किमान एक मुक्काम करा, परकोटावर सकाळीच चढा, लालपेठची मूर्ती विचारत विचारत गाठा. बल्लारपूरचा वर्धेकाठचा किल्ला आमचा राहिला, आणि वरोऱ्याचं आनंदवनही. तारूच्या जत्रेला पौषात यायचं आईने गाडीत बसायच्या आतच ठरवून टाकलं, सेलूच्या त्या बायकांना फोन करून त्यांनाही तयार केलं.